सव्वा मुठीचा श्रावण

सुरतेतल्या पांडेसऱ्यात गच्चीवर गहू वाळवता येत नाहीत. कापड रंगवणाऱ्या मिलच्या चिमण्यांची काजळी दिवसभर खाली बसत असते. दोरीवरची पांढरी चादर संध्याकाळपर्यंत करडी होते. म्हणून कानबाईच्या रोटाचे गहू धुतले की ते घरातच, पंख्याखाली, जुन्या सुती साडीवर पसरायचे. खाट उभी करून भिंतीला टेकवायची आणि गहू सुकेपर्यंत घरातल्या माणसांनी कडेकडेने चालायचं. या श्रावणात थोरल्या भावाच्या घरी गेलो, तेव्हा दार उघडताच ओल्या गव्हाचा वास आला. गेल्या श्रावणात तो नव्हता.

ओल्या गव्हाचा वास खरं तर फार सौम्य असतो. मातीसारखा, थोडा गोडसर. पांडेसऱ्यात एरवी जे वास असतात त्यांच्यापुढे तो टिकायला नको. इथे सकाळी वाफेचा आणि ओल्या कोळशाचा वास असतो, दुपारी रंगाचा, आणि गटाराच्या पाण्याला मिलमध्ये त्या दिवशी जो रंग चालू असेल त्याचा. तरीही श्रावणातल्या त्या एका आठवड्यात खान्देशी वस्तीच्या गल्ल्यांतून चालताना प्रत्येक दारातून तो वास बाहेर येतो आणि बाकीचे वास काही काळ मागे राहतात.

कानबाई ही खान्देशातून आलेल्या घरांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि सोमवारी तिला निरोप देतात. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी. आमच्या घरात कानबाई म्हणजे एक नारळ. पिढ्यांपासूनचा, आत वाळलेला, हलवला की खुळखुळणारा. त्याला नथ, डोळे आणि साडी लावून चौरंगावर बसवायचं, सोमवारी तापीवर नेऊन पाणी लावायचं आणि परत आणून कपड्यात गुंडाळून फळीवर ठेवायचं. पुरणपोळी, खीर, लाल भोपळ्याची भाजी हा नैवेद्य येईल त्याला वाढायचा. पण रोट, म्हणजे या गव्हाच्या जाड पोळ्या, फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही.

रोटाचं पीठ मोजून घेतात. माप म्हणजे मूठ. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू. एक पूर्ण मूठ आणि वर थोडं. पाळण्यातल्या मुलाची मूठ धरायची, परगावी कामाला गेलेल्याचीही धरायची. बायकांची धरत नाहीत. मूठ मात्र बाईची असते. घरातल्या थोरल्या सुनेने अंघोळ करून, उपाशीपोटी, पूर्वेकडे तोंड करून ती भरायची. तिची मूठ हेच त्या घराचं माप. घर बदललं, गाव बदललं, तरी माप त्या हाताचं.

आमच्या घरात हा हात विमलवहिनीचा होता.

वहिनी अमळनेरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन सरळ सुरतेत आली. आप्पा, म्हणजे माझे थोरले भाऊ, मिलमध्ये कापड रंगवण्याच्या जेट मशीनवर होते. मी तेव्हा शिकत होतो, पुढे इथल्याच एका मराठी दैनिकात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर राहिलो. लग्न केलं नाही. त्यामुळे घरात दुसरी सून आली नाही, आणि आई गेल्यावर कानबाई एकट्या वहिनीकडे राहिली.

तिचे हात कामाचे होते. दुपारभर साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या, लेस लावायची. गठ्ठा आणायचा, गठ्ठा पोचवायचा. बोटं जाड, आखूड, टोकांना गोंदाचे पापुद्रे. ती गव्हात हात घालायची तेव्हा तो मनगटापर्यंत आत जायचा आणि बाहेर येताना मुठीच्या वर गव्हाचा छोटा ढीग असायचा. शेजारपाजारच्या बाया चिडवायच्या, ‘विमलबाई, मूठ आहे का परात?’ ती म्हणायची, ‘मन्हा घरना माणसं खातस ना वं बहिनी, तुना घरना सुंगतस.’ आमच्याकडे रोट दर वर्षी उरायचे. पौर्णिमेपर्यंत पुरायचे. शेवटचे वाळलेले तुकडे दुधात कुस्करून आप्पा कामावर जाण्याआधी खायचे.

माझी चेष्टा करणं हा तिचा नेम होता. दर वर्षी कानबाईच्या मिरवणुकीमुळे उधन्याच्या रस्त्यावर गर्दी व्हायची आणि आमच्या पेपरात एक फोटो, खाली चार ओळी यायच्या. जागा मिळायची ती आतल्या पानावर, बहुतेक निधनवार्तांच्या शेजारी. वहिनी अंक समोर धरून म्हणायची, ‘भाऊ, तुमना पेपरमा आमनी कानबाई कायम मरेल माणसासना फोटोखाले येस. लाज नही वाटस का तुमले?’ मी जाहिरातींचं गणित समजावायला लागलो की ती चहा ठेवायला उठून जायची.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, तिच्या पोटात गाठ निघाली. निदान उशिरा झालं. उशिरा होण्याची कारणं नेहमीचीच: आधी ॲसिडिटीच्या गोळ्या, मग कुणीतरी सांगितलेला काढा, मग लग्नसराईतल्या साड्यांचे गठ्ठे. तपासण्या संपल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं तेव्हा ती आमच्याबरोबरच खुर्चीत येऊन बसली. बाहेर थांबायला सांगितलं तर हलली नाही. डॉक्टर गुजराती होते. ती त्यांच्याशी गुजरातीत बोलली. एकच प्रश्न विचारला, ‘साहेब, अमारी कानबाई सुधी तो कंई नहीं थाय ने?’

आमची कानबाई होईपर्यंत तर काही होणार नाही ना, असं तिला विचारायचं होतं. डॉक्टरांना कानबाई कोण ते माहीत नव्हतं, त्यांना वाटलं लेक येणार आहे. त्यांनी विचारलं, ‘कोण आवे छे? दीकरी?’

‘हा साहेब. वरसमां एक ज वार आवे छे.’

डॉक्टर थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘तो वहेली बोलावी लो.’

लवकर बोलावून घ्या. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं होतं आणि आम्हा सगळ्यांना ते कळलं होतं. पण कानबाई लवकर बोलावता येत नाही. तिचा रविवार ठरलेला असतो.

त्या उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंतचे दिवस आठवतात ते सलग आठवत नाहीत. रिक्षात मांडीवर धरलेली फाइल आठवते. सलाइनच्या बाटलीला टांगलेलं नातवाचं खेळणं आठवतं. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा केलेला उपमा आणि तो खाऊन वहिनी म्हणाली ते आठवतं, ‘मी लवकर बरी व्हसू. दुसरा रस्ताच ठेवा नही तुम्ही.’ आणि या सगळ्याच्या मागे तिची एकच काळजी सतत चालू होती, ती आठवते. मरणाची काळजी तिने आम्हाला दाखवली नाही. रविवारची दाखवली. रविवारच्या आधी तिला काही झालं तर सुतक येणार, आणि सुतकात कानबाई बसत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमच्या घरात कानबाई हातातून हातात जाते. थोरलीने जिवंतपणी धाकटीच्या हातात मूठ द्यावी लागते. तसं न करता थोरली गेली, तर नारळ गावाकडे भाऊबंदांत परत जातो.

आणि गावाकडे जिजी वाट पाहत होती.

जिजी ही आप्पांची आणि माझी चुलती. कुळातली सगळ्यात वडील बाई. वाईट नाही, हट्टी आहे. तिचं म्हणणं सरळ होतं. वहिनीचा एकुलता मुलगा योगेश, त्याने कामरेजच्या हेतलशी लग्न केलं. मुलगी चांगली, कामाला वाघीण, सासूला मम्मी म्हणून जीव लावणारी, पण गुजराती. हे सगळं जिजीला मान्य होतं. ती फक्त म्हणायची, ‘बोली नही, गाणं नही. देवीनी कोनासंगे बोलानं?’

ती हे वहिनीच्या खाटेशी बसून, तिचे पाय चेपता चेपता म्हणाली. हेतल शेजारी औषधाच्या गोळ्या वेगळ्या करत होती. तिला अहिराणी बोलता येत नव्हती, कळत सगळं होतं. वहिनीने डोळे मिटलेले होते. तसेच ठेवून ती म्हणाली, ‘जिजी, कानबाई सुरतमा ऱ्हाई ऱ्हायनी इतला वरीस. तिले गुजराती मन्हापेक्षा चांगली येस.’

हेतल हसली, मग तिच्या हातातली गोळी खाली पडली आणि ती शोधायला म्हणून ती खाटेखाली वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली.

त्याच दिवसांत एकदा दुपारी वहिनीने मला बोलावलं. घरात आम्ही दोघंच होतो. म्हणाली, ‘भाऊ, मन्ही बातमी आतेच लिखी ठेवा.’ मी म्हटलं, असलं काही बोलू नका. ती म्हणाली, तुम्ही रोज लोकांची लिहिता, माझी लिहायला काय झालं. वाचून दाखवा, चुका मी सांगते. मी नाही म्हणालो. ती पुन्हा म्हणाली. शेवटी मी तोंडीच सांगायला लागलो, आमच्या साच्याप्रमाणे. पांडेसरा येथील रहिवासी. अल्पशा आजाराने. शांतपणे प्राणज्योत.

तिने हात वर केला. ‘शांतपणे लिखू नका. तवय मी शांत ऱ्हासू का नही, तुमले काय माहीत?’

टेबलावर इतकी वर्षं काढली, हा आक्षेप कोणत्याही संपादकाने घेतला नव्हता.

गहू मोजायचा दिवस आला तेव्हा ती बसू शकत नव्हती. तिने बसायचंच ठरवलं होतं. आप्पांनी तिला पाटावर बसवलं, पाठीशी भिंत, दोन्ही बाजूंना उशा. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या म्हणून हेतलने त्या मनगटाशी दोऱ्याने बांधून दिल्या. समोर गव्हाची परात, शेजारी रिकामं पातेलं. जिजी गावाहून आलेली होती आणि भिंतीशी बसून नावं सांगत होती. कुळातला एकेक पुरुष, वयाच्या क्रमाने. पहिलं नाव आप्पांचं.

वहिनीने गव्हात हात घातला. तो आत गेला नाही, वरवरच राहिला. तिने मूठ मिटली. बोटांच्या मध्ये फटी पडलेल्या होत्या आणि त्यांतून दाणे खाली पडत होते. वर आली तेव्हा त्या मुठीत काय होतं ते सगळ्यांना दिसलं. जिजीने दुसरं नाव घेतलं. माझं. वहिनीने माझीही मूठ भरली. तिसऱ्या नावाला तिचा हात हवेत थांबला, पातेल्यापर्यंत पोचेना.

‘हेतल, हात दे.’

हेतल पदर खोचून समोर बसली. तिचा हात भरलेला, मोठा. तिने गव्हात हात घातला आणि मूठ वर आणली. वर ढीग, अगदी पूर्वी वहिनी आणायची तशी. वहिनीने ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. तिची बोटं एकेक करून उघडली. जास्तीचे दाणे परातीत पडू दिले. मग तीच बोटं एकेक करून पुन्हा मिटली, घट्ट, आत वळवून, जणू त्या तरण्या हातातून तिला दुसराच हात काढायचा होता.

‘इतलंच,’ ती म्हणाली. ‘जास्ती नही.’

पुढची सगळी नावं हेतलने घेतली. वहिनीचा हात तिच्या मनगटावर होता. मूठ मोठी होतेय असं वाटलं की ती मनगट दाबायची.

तिने असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एका ढिगात दोन मापं चालत नाहीत, ही रीत. पहिल्या दोन मुठी तिच्या होत्या म्हणून बाकीच्याही तेवढ्याच असायला हव्यात, हे एक कारण. आपला हात वाळला आहे हे तिला कळलंच नसावं, हेही शक्य आहे. आजारी माणसाला स्वतःचा आकार शेवटी कळतो. किंवा कळलं होतं आणि कबूल करायचं नव्हतं. बातमीत आम्ही अशा वेळी ‘कारण समजू शकले नाही’ असं लिहितो. तेच इथे लिहावं लागतं.

रविवारी पीठ कमी पडलं. रोट लहान झाले, पातळ झाले. पानांवर वाढताना हेतलचे हात अडखळत होते. गावाकडची, सुरतेतली सगळी माणसं जमलेली. प्रत्येकाच्या पानावर तो लहानसा रोट, आणि प्रत्येकाची नजर त्यावरून निघून खाटेकडे जात होती आणि परत येत होती. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

‘भाऊ, पेपरमा छापा. यंदा कानबाई डायटिंगवर शे.’

सगळे हसले. मोठ्याने, गरजेपेक्षा जास्त. आप्पा पान तसंच ठेवून गॅलरीत गेले आणि रस्त्याकडे पाठ करून, कठड्याला धरून उभे राहिले.

सोमवारी कानबाई टेम्पोतून तापीवर गेली आणि परत आली. वहिनी गेली भाद्रपदात, गणपती उठल्यानंतर. ती शांत नव्हती. बातमीत मी ‘निधन झाले’ एवढंच लिहिलं, आणि डेस्कवरच्या नव्या मुलीने सवयीने जोडलेला ‘शांतपणे’ हा शब्द काढला.

आमच्या डेस्कवर एक जुने वरिष्ठ होते. त्यांना ‘दरम्यान’ हा शब्द खपत नसे. बातमीत आला की लाल पेनाने काट मारायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आज तिथे बसणाऱ्या मुलांनी त्यांना पाहिलेलं नाही, नावही ऐकलेलं नाही, पण ‘दरम्यान’ कुणी लिहीत नाही. का, ते सांगता येत नाही त्यांना. इथे चालत नाही, एवढंच ठाऊक आहे. त्या माणसाने मोठे अग्रलेख लिहिले होते. लोकांची बाजू घेऊन भांडले होते. त्यातलं काही उरलं नाही. एक न लिहिलेला शब्द उरला.

माणूस मागे काय ठेवतो हे त्याच्या हातात नसतं, असं मला वाटायला लागलं ते तेव्हापासून. आपण चांगल्यातलं चांगलं पुढे करतो. उचललं जातं भलतंच.

गेल्या श्रावणात वर्ष पुरं झालेलं नव्हतं, म्हणून कानबाई बसली नाही. नारळ फळीवर होता. रविवारी आप्पा सकाळी उठून बाहेर पडले आणि संध्याकाळी आले. कुठे गेला होता म्हणून कुणी विचारलं नाही. गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांत गाणी चालू होती. शेजारच्या यवतमाळकडच्या बाईने, जिच्या घरात ही देवीच नाही आणि जी दर वर्षी वहिनीबरोबर फुगडी घालायला यायची, तिने हेतलला दारातून विचारलं, ‘येतेस का गं शेजारी, जरा बसायला?’ हेतल म्हणाली, ‘वर्ष नाही झालं अजून, काकी.’ मग दार लावून घेतलं. बंद दारातूनही गाणी ऐकू येत होती. हेतल भांडी घासत होती. घासलेलीच पुन्हा घासत होती.

या वर्षी कानबाई बसणार होती. पण नंतर राहणार कुठे, हा प्रश्न जिजी सोबत घेऊन आली. सकाळच्या भुसावळकडच्या गाडीने उतरली, पिशवीत नारळ गुंडाळायला नवीन लाल कापड घेऊन. चहा पिऊन झाल्यावर आप्पांना म्हणाली, रविवारी इथेच बसवू, सोमवारी तापीवरून आली की तिला मी गावी नेते. विमल होती तोवर ठीक होतं. आता माझंही वय झालं, माझ्या डोळ्यांदेखत ती घरच्या माणसांत गेलेली बरी.

घरच्या माणसांत. हेतल स्वयंपाकघरात होती. कुकरची शिट्टी झाली, पण गॅस बंद झाला नाही. दुसरीही होऊ दिली.

आप्पांनी कपबशी बाजूला सारली. वहिनी गेल्यापासून ते कमीच बोलतात. तिचं नाव तर घेतच नाहीत. ‘योगेशची आई’ असंही म्हणत नाहीत. वाक्य अशा रीतीने वळवतात की तिची जागा रिकामी राहील.

गहू मोजायला हेतल बसली. अंघोळ केलेली, केस ओले, पूर्वेकडे तोंड. योगेश दारात उभा. आप्पा खुर्चीवर. जिजी तिच्या ठरलेल्या भिंतीशी, नावं सांगायला. पहिलं नाव आप्पांचं.

हेतलने गव्हात हात घातला. तो मोठा, भरलेला हात वरवरच राहिला. बोटं घट्ट आत वळली. अंगठा वरून दाबला गेला. मूठ वर आली तेव्हा तिच्या वर ढीग नव्हता. बोटांच्या फटींतून दाणे निसटत होते. त्या जाड हातात त्या फटी कशा पडल्या ते कळत नव्हतं. तिने त्या मुद्दाम ठेवल्या होत्या. मनगटसुद्धा थांबून थांबून खाली दबत होतं, दुसऱ्या कुणाचा हात त्यावर असल्यासारखं.

मी आप्पांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या कडेला आले होते.

‘पोरी, मूठ भर ना,’ जिजी म्हणाली. ‘चिमटी कसाले लेस?’

‘मम्मींनी असंच शिकवलं, जिजी.’

‘तिना हात वाळी गयथा माय तवय.’ जिजीचा आवाज चढला नव्हता. उलट उतरला होता. ‘ती तिनी मूठ नव्हती. ती दुखनानी मूठ व्हती. तिनी मूठ आम्ही देखेल शे. इतली.’ तिने दोन्ही हातांनी आकार करून दाखवला.

हेतलची मूठ पातेल्यावर तशीच मिटलेली होती. ती म्हणाली, ‘मला माहीत आहे. ती मोठी मूठ मीपण पाहिली ने. इथे किचनमधून पाहायची, दर वर्षी.’ थोडं थांबली. मराठी शब्द शोधत होती की रडू आवरत होती, ते सांगता येणार नाही. ‘पण ती मला नाही दिली. मला ही दिली.’

‘पीठ कमी पडी.’

‘पडेल.’

‘माणसं काय म्हणतीन? सूनले मापबी येत नही म्हणतीन.’

हेतलने आपल्या मुठीकडे पाहिलं. आता तिच्या हातात दोन गोष्टी होत्या आणि त्यांतली एकच ठेवता येणार होती. मूठ सैल केली, हात पुन्हा गव्हात घालून भरून काढला, तर जिजीचं तोंड बंद होत होतं. नारळ कदाचित इथे राहिला असता. तशीच ठेवली, तर जिजीच्या बोलण्याला पुरावा मिळत होता. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. मला वाटलं, ती आता मूठ उघडणार.

‘ऱ्हाऊ दे, जिजी,’ आप्पा म्हणाले.

ते खुर्चीवरून उठले आणि जमिनीवर, परातीच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले. गुडघे धरून बसायला त्यांना वेळ लागला.

‘मन्ह्या नावनी शे ना ती? माले विमलनी तीच मूठ पाहिजे.’

दोन वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं होतं. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि खाली रस्त्यावर कुठल्या तरी टेम्पोचा हॉर्न. हेतलने पातेल्यावर मूठ सोडली. दाणे पडल्याचा आवाज फार लहान झाला.

जिजीने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. मग तिने दुसरं नाव घेतलं.

रविवारी कानबाई बसली. गल्लीतल्या बाया आल्या. अहिराणी गाणी जिजीने सांगितली आणि ज्यांना येत होती त्यांनी म्हटली. हेतल शेवटचा शब्द तेवढा धरत होती. रोट लहान झाले. माणसांनी खाल्ले. डायटिंगचा विनोद कुणी केला नाही. सोमवारी जिजी तापीवर आली, पायरीवर बसून तिने नारळाला पाणी लावलं आणि तो हेतलच्या ओटीत दिला. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. लाल कापड पिशवीतून काढून फळीवर ठेवून गेली.

मी निघताना आप्पा जेवायला बसले होते. हेतलने रोटांचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला, आत पाहण्यासाठी थोडा वाकडा केला.

‘पप्पा, संपले. पौर्णिमा अजून लांब आहे.’

‘हं,’ आप्पा म्हणाले.

तिने डबा धुऊन पालथा घातला. पुढच्या वर्षीही ते पुरणार नाहीत.